धूर कधी निघतो, ते आधी सांगा

सायलेन्सरमधून धूर यायला लागला की मालक गॅरेजमध्ये जाऊन रंग सांगतो. ‘निळा मारतेय’, ‘पांढरा सोडतेय’, ‘काळा ओकतेय’. मिस्त्रीही रंगावरच निकाल देतो. निळा म्हणजे रिंगा गेल्या, पांढरा म्हणजे हेड गॅस्केट उडालं, काळा म्हणजे पंप-नोझलचं काम. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात हा तक्ता तोंडपाठ आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. आत इंधन अर्धवट जळतंय, ऑइल जळतंय की पाण्याची वाफ होतेय, एवढंच रंगावरून कळतं. ऑइल किंवा पाणी तिथे कुठून शिरलं, हे कळायचं तर धूर कधी येतो ते पाहावं लागतं. सकाळी पहिल्या सेल्फला की तापल्यावर? चढाला की उतार संपल्यावर? इंजिन खोलायचं की नाही हे या प्रश्नावर ठरतं, आणि नेमका तोच विचारायचा राहतो.

हा प्रश्न तपासून बघायला आपल्या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, सातारा ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर जवळजवळ १,३७० मीटरवर. मध्ये खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी असे घाट. पश्चिमेला धुकं आणि थंडी, पूर्वेला जत-आटपाडीची धूळ आणि मध्ये कृष्णाकाठचा ऊस. प्रयोगशाळेत इंजिनावर जे भार मुद्दाम टाकावे लागतात, ते इथे रस्ताच टाकतो.

इंजिनाची ओळखही इथे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यात आधी नांगर आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. वीज येण्याआधी नदीकाठी आणि विहिरींवर असलीच इंजिनं पाणी उपसत होती, आणि धूर काळा झाला की भार जास्त झालाय, हे बांधावरचा माणूस कुणी न शिकवता ओळखत होता.

त्यानंतर आली प्रिया. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यातून ही स्कूटर बाहेर पडत असे. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, पेट्रोलबरोबर तेही जळायचं, त्यामुळे मागून निळसर धूर निघणं हा त्या गाडीचा स्वभावच होता. धूर निघाला नाही तर उलट काळजी वाटावी, कारण ऑइल घालायचं राहिलं तर पिस्टन जाम व्हायचा. एक पिढी या धुरात मोठी झाली आणि थोडा निळा धूर चालायचाच, ही तिची समजूत पुढे फोर-स्ट्रोक मोटरसायकली आणि मोटारी आल्या तरी गेली नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल जळण्याच्या जागी पोचायलाच नको. तिथला निळा धूर थोडा असला तरी दोषच.

काळ्या धुराचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. इंधन जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त हवा लागते आणि ती कमी पडली की काजळी सुटते. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला काळा लोट सोडतो, तेव्हा बऱ्याचदा इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं. ज्या भारासाठी ते बनवलं त्याच्या पलीकडचा भार त्याच्यावर असतो. पिकअप वाढावा म्हणून पंपाचं सेटिंग वाढवून घेणारे ड्रायव्हर सगळ्यांना माहीत आहेत. वाढवलेल्या डिझेलपैकी बरंचसं धूर होऊन जातं, थोडीशी ताकद मिळते, आणि पिस्टन नको तितका तापतो.

काळा धूर फक्त चढालाच येत असेल, तर पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यावा. एअर फिल्टर बुजलेला असतो, किंवा टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप क्लिपपाशी फाटलेला असतो. सपाटीला गाडी ठीक चालते, लोड आला की दाबाची हवा फटीतून निसटते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि मागून काळा धूर. एवढ्याशा पाइपापायी नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला पाठवल्याच्या कहाण्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट नाक्यावर ऐकायला मिळतील. उभ्या गाडीतही काळा धूर येत असेल तर मात्र नोझल, ईजीआर व्हॉल्व्ह किंवा पेट्रोल गाडीत सेन्सरकडे वळावं. तापमान सांगणारा सेन्सर बिघडला की इंजिन अजून थंडच आहे असं समजून संगणक पेट्रोल ओतत राहतो.

उंचीचाही हिशेब धरायला हवा. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. टर्बो नसलेली जुनी जीप किंवा कार्ब्युरेटरची मोटरसायकल वर गेल्यावर थोडा काळा धूर सोडते आणि वाईला उतरल्यावर सुधारते. हा बिघाड नव्हे. सांगलीत परत येऊन कार्ब्युरेटर खोलून बसण्यात अर्थ नाही.

पांढऱ्या धुराने माणूस सगळ्यात जास्त घाबरतो आणि बहुतेक वेळा उगाचच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि एरवी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाचगणीला किंवा कासच्या रस्त्यावर तीच वाफ गार हवेत पांढरी दिसते, सायलेन्सरच्या टोकातून थेंबही पडतात. ही वाफ पातळ असते, तिला वास नसतो, दोन-चार हात गेली की विरते आणि इंजिन तापलं की संपते.

कूलंट जळत असेल तर धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, वास गोडसर येतो आणि मुख्य म्हणजे इंजिन पुरतं तापलं तरी थांबत नाही. रेडिएटरचं पाणी कमी होत जातं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. इंजिन गार असताना, आणि गारच असताना, रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्याच्या वाटेत घुसतोय. नक्की करायचं तर एक साधी रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी नळीत निळा द्राव धरतात, जळालेला वायू त्यातून गेला की तो पिवळा पडतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी मागून घ्यावी. ती करायला मिनिटं लागतात, हेड उतरवायला अख्खा दिवस.

पण गॅस्केट का उडालं, हे कुणी विचारत नाही. गॅस्केट बहुतेकदा उडतं ते इंजिन तापून हेड वाकल्यामुळे, आणि आपल्याकडे तापण्याचं एक मोठं कारण म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेलं बोअरचं पाणी. मिरज, पलूस, वाळवा भागातल्या क्षारपड पट्ट्यात किंवा जत, कवठेमहांकाळकडे घरातल्या हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. मग हेड प्लेन करून, नवं गॅस्केट टाकून पुन्हा तेच पाणी ओतायचं आणि वर्षभरात पुन्हा गॅरेजमध्ये यायचं. कूलंट महाग वाटतं ते पहिल्या गॅस्केटपर्यंतच.

पांढऱ्यातला तिसरा प्रकार डिझेलचा. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा, थोडा करडा धूर. डिझेल फवारलं जातंय पण पेट घेत नाही. फक्त सकाळी पहिल्या मिनिटात येत असेल तर हीटर प्लग बघावेत. फिल्टर बदलल्यानंतर लगेच आला तर लाइनने हवा पकडलीय. दिवसभर येत असेल आणि गाडी एका सिलिंडरवर लंगडत असेल तर कॉम्प्रेशन मोजायला हवं.

इथे ऑगस्ट २०१९ च्या पुराची आठवण अपरिहार्य आहे. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत चढलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. घराघरांतल्या आणि तळघरातल्या गाड्या बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात राहिलेली गाडी चालू केल्यावर पांढरा धूर आला तर दोन शक्यता असतात आणि त्यांतलं अंतर फार मोठं आहे. पाणी फक्त सायलेन्सरमध्ये साठलं असेल तर ते दहा-पंधरा मिनिटांत वाफ होऊन निघून जातं. पाणी सिलिंडरमध्ये असताना सेल्फ मारला तर मात्र पिस्टन त्या पाण्याला दाबायला जातो. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचं इंजिन पुढे महिनोन्महिने चालतंही, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी पडतं आणि धूर सुरूच राहतो. म्हणून बुडालेली गाडी चालू करायचीच नाही. आधी ऑइलची काडी बघायची. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. प्लग किंवा नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे, मग सेल्फ. जुनी गाडी घेणाऱ्याने त्या दोन पावसाळ्यांत ती कुठे उभी होती, हे विचारायला संकोच करू नये.

आता निळा. सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो, म्हणून जरा थांबून बघू.

ऑइल सिलिंडरमध्ये शिरायच्या वाटा चार: खालून रिंगांच्या बाजूने, वरून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून, टर्बोच्या सीलमधून किंवा हवेच्या पाइपातून. रंग चारही वेळी निळा. पहिल्या वाटेसाठी इंजिन खोलावं लागतं, बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, सगळंच आलं. दुसऱ्या वाटेला व्हॉल्व्ह सीलची किंमत त्यामानाने किरकोळ असते, मजुरी काय ती जास्त. चौथ्या वाटेला कधीकधी काहीच बदलावं लागत नाही.

पेट्रोल गाडी घेऊन पाचगणीहून पसरणी घाट उतरा. गाडी गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला. पिस्टन हवा ओढतायत पण थ्रॉटल बंद असल्यामुळे आत जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील तर ती ओढ हेडमधलं ऑइल दांड्यांवरून खाली खेचते. वाईजवळ सपाटीला आल्यावर अॅक्सिलरेटर दाबताच मागे निळा ढग उठतो आणि विरतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना एकच निळा भपका आला, तर तेही सीलचंच लक्षण. रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरलेलं असतं. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सीलवर पैज लावायला हरकत नाही. फक्त उताराचं लक्षण असेल तर थोडं सबुरीने घ्यावं, कारण झिजलेल्या ऑइल रिंगाही त्या ओढीला बळी पडतात.

रिंगांची गोष्ट उलटी. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट चढा. चढाला, लोडवर, सतत निळा धूर, पिकअप कमी, आणि चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल केलं की तिथून भकाभका वाफारा. याला आपले मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावावा. एखाद्या सिलिंडरचं माप कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. माप चढलं तर दोष रिंगांचा, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. चढलं नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही चाचणी जुनी आहे, पेट्रोल गाडीला ती करायला महागडं काही लागत नाही, तरी ती न करता इंजिन खाली उतरवलं जातं. मला हा आळस वाटतो.

टर्बोचं सील गेलं तर इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचं थारोळं सापडतं. हवेच्या पाइपात थोडा ओलावा सगळ्याच गाड्यांत असतो, त्यावरून टर्बो बदलू नये. टर्बोच्या दांड्याला आडवा हलवून त्याचा खेळ तपासावा. पण सील पुरतं निकामी झालेलं डिझेल इंजिन धोकादायक ठरतं. ते स्वतःच्याच ऑइलवर धावू लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि मागे धुराची भिंत उभी राहते. मॅन्युअल गाडी असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा म्हणजे इंजिन गळपटतं. ते जमत नसेल तर लांब व्हावं. बॉनेट उघडून हात घालू नये.

चौथ्या वाटेचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर क्लीनर. तासगावच्या द्राक्षबागांत ब्लोअर चालवणारा किंवा जतच्या माळावर नांगरणारा ट्रॅक्टर धूळ खातो, म्हणून या क्लीनरच्या वाटीत ऑइल असतं. वाटीवर खूण असते. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ म्हणून खुणेच्या वर भरलं, की इंजिन ते ऑइल हवेबरोबर ओढतं आणि निळा धूर सोडतं. वाटी उतरवून खुणेपर्यंत आणली की काम झालं. सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी निळा धूर सुरू झाला तर तशीच ऑइलची काडी बघावी. इंजिनात ऑइल जास्त भरलेलं असू शकतं.

बॉनेटखालून किंवा चाकांतून येणारा धूर हा वेगळाच विषय, तो सायलेन्सरच्या तक्त्यात बसवू नये. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं की जळका वास आणि निळसर धूर येतो. वायर जळत असेल तर प्लॅस्टिकचा वास येतो. गाडी बंद करून सगळ्यांना उतरवावं आणि बॅटरी काढावी. घाट उतरताना चाकांतून धूर आला तर ब्रेक पेटलेत. खालच्या गिअरला उतरायचं होतं ते राहिलं. थांबून ते आपोआप गार होऊ द्यावेत, पाणी ओतू नये, गरम ड्रमला तडा जाऊ शकतो.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, हा सगळा हिशेब थोडा बदललाय. डिझेल गाडीत काजळी पकडणारा डीपीएफ असतो, त्यामुळे काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी आतून रिकामा केलाय. सांगली शहरातल्या शहरात दोन-चार किलोमीटर फिरणारी गाडी तो फिल्टर जाळून साफ करण्याइतकी तापत नाही, दिवा लागतो. साफ करायला सोडलेलं डिझेल मग ऑइलमध्ये मिसळतं आणि काडीवरची पातळी वाढते. ऑइल वाढलं म्हणून आनंद मानू नये. अशा गाडीला अधूनमधून महामार्गावर अर्धा तास सलग पळवणं हा उपाय गाडीच्या पुस्तिकेतच असतो. स्कॅनर आल्यामुळे रंग-वेळ वगैरे जुनं झालं, असं म्हणणारेही आता भेटतात. स्कॅनर हवा आणि इंधनाचं उत्तम सांगतो. व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल गळतंय, असा कोड त्यात नसतो.

पीयूसीकडूनही निदानाची अपेक्षा ठेवू नये. डिझेल गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून धुराची दाटी मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिट आणि बीएस-४ ना ५० ही मर्यादा. पेट्रोल गाडीच्या आयडलिंगवरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. सकाळचा एक निळा भपका सोडणारी गाडी दुपारी तापलेल्या इंजिनाने यातून सहज सुटू शकते. प्रमाणपत्र मात्र हवंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा नियम मोडणाऱ्याला कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांना धुराच्या वेळेचं हे शास्त्र गिऱ्हाइकापेक्षा चांगलं कळतं. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवलं की सकाळचा भपका लपतो, आणि जाड ऑइल भरलं की रिंगांचा धूर काही दिवस दबतो. एमएच-१० असो, एमएच-११ किंवा कराडची एमएच-५०, गाडी बघायला सकाळी लवकर जा. चावी हातात घेण्याआधी बॉनेट उघडून इंजिनाजवळ तळवा धरून बघा. ऊब लागली तर उद्या येतो म्हणून सांगा, आणि गाडी रात्रभर हलवू नका म्हणावं.